केमुंतोच्या खोलीतलं मयत

केमुंतो पेम्बा बेटावर राहायला आली ती शांततेसाठी. हे वाक्य मिकोकोनीच्या वस्तीत आजही कुणी उच्चारलं तर बायका अंगावर लपेटलेल्या छापील कांगाचं टोक तोंडात कोंबून हसतात. मिकोकोनीत समुद्र आहे, लवंगा आहेत, खारफुटी आहे, खेकडे तर मोप आहेत. शांतता मात्र तिथे कुणी कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे कुणी ठेवलीही नव्हती.

केमुंतोचा धंदा आवाजाचा. नैरोबीत ती रेडिओच्या जाहिराती वाचायची. साबण, मक्याचं बियाणं, डोकेदुखीच्या गोळ्या. ती कुणाची नोकर नव्हती. एक लॅपटॉप, एक माईक आणि स्वतःचा गळा, एवढ्या भांडवलावर तिचं दुकान चाले. दुकानाची जागा म्हणजे थोरल्या बहिणीच्या, बोसिबोरीच्या घरातलं कपड्यांचं कपाट. भाच्यांच्या खोलीत भिंतीकडेला झोपायचं, आणि काम आलं की मेहुण्यांच्या कोटांत डोकं खुपसून "आता नव्या वेष्टनात!" म्हणायचं. बाई तिशी ओलांडून गेली, पण आतून लावता येईल असं स्वतःचं एक दार तिला कधी मिळालं नाही.

मग ते झोपेचं काम आलं. नैरोबीतल्या एका कंपनीने फोनवरचं अ‍ॅप काढलं होतं. ज्यांना झोप येत नाही त्यांनी ते कानाला लावायचं, आणि एका मऊ आवाजाने त्यांना स्वाहिलीत सांगायचं, श्वास घ्या, श्वास सोडा, खांदे सैल करा. वर्षभर पुरेल एवढं काम. केमुंतोने नमुना पाठवला. कंपनीत हे सगळं बघणारी नाफुला नावाची एक चटपटीत बाई होती. तिचा फोन आला.

"आवाज गोड आहे गं. पण तू म्हणतेस 'मन शांत होत आहे', आणि मागून मटाटूवाला ओरडतो, 'टाऊन, टाऊन, एकच सीट!' मी झोपवू कुणाला, त्याला?"

"मी जागा बदलते," केमुंतो म्हणाली.

"बदल लवकर. मोम्बासाची एक बाई मागेच लागलीय. तिचा स्वतःचा स्टुडिओ आहे, एसीवाला."

केमुंतोने त्याच आठवड्यात रेडिओवाल्यांना कायमचा रामराम ठोकला. काम हातात येण्याआधी हातातलं सोडलं, म्हणजे बाजारात तुरीच. पण तिच्या डोक्यात बेट शिरलं होतं. समुद्रापलीकडे, टांझानियात. देश दुसरा असला तरी भाषा तीच, भाडं कमी आणि मटाटूच्या गाड्यांचा ओरडा नाही.

बोसिबोरी मक्याच्या पिठाचा, भाकरीसारखा घट्ट उगाली घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "शांतता काय भाजी आहे का, दुसऱ्या बाजारात ताजी मिळायला? जा बाई, जा. पण परत आलीस तर भिंतीकडची जागा धाकटीने घेतलेली असेल. तू दाराशी."

तर ही अशी गोष्ट होती. काम मिळालं तर स्वतःचं दार, नाही मिळालं तर बहिणीच्या घरात दाराशी.

मिकोकोनीत तिला बी झुवेनाच्या घरातली मागची खोली मिळाली. बी म्हणजे तिकडचं मानाचं 'बाई'. बी झुवेना विधवा, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. मुलगा मस्कतला. घर जुनं, पोवळ्याच्या दगडांचं, वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर. भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या, हवा खेळावी म्हणून वर हातभर मोकळं सोडलेलं. हवेबरोबर बाकीचं सगळंही खेळे. बी झुवेनाचा खोकला, कोंबड्यांची भांडणं, आणि शेजारच्या बी मिझेची मतं. बी मिझेला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते ती उखळात मुसळ आपटता आपटता देई.

केमुंतोला दार मिळालं, कडीही होती. पण मिकोकोनीत दिवसा कडी लावतो तो एक तर आजारी किंवा रुसलेला, आणि दोन्हींवर औषध एकच, जाऊन बसणं. तिने दार लावलं की लोक खिडकीशी येत. कशी आहेस, सकाळ कशी गेली, घर कसं आहे, आई कशी आहे, आईची सकाळ कशी गेली. प्रत्येकाला "छान" म्हणायचं. घर जळालं असलं तरी आधी "छान" म्हणायचं, आणि मग जळाल्याचं सांगायचं. नैरोबीच्या माणसाला एवढा दम कुठून असणार? केमुंतो एकदाच "सगळं ठीक" म्हणून मोकळी व्हायची आणि समोरचा तसाच उभा राहायचा, जिन्याची पायरी चुकल्यासारखा.

पहिल्याच दिवशी ती फकीच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "पाव दे."

दुकानात बसलेले सगळे वळून बघायला लागले. फकीने चष्मा काढला. "बाई, आपलं भांडण कधी झालं?"

तेव्हापासून ती "मिळेल का" म्हणायला शिकली. पण लवंगांचा हंगाम सुरू झाला आणि तिला वाटलं, सुटले. पहाटेच सगळी वस्ती झाडांवर. केमुंतोने धावत-पळत माईक लावला, लोक परतायच्या आत संपवायचं म्हणून भरभर वाचलं आणि नमुना धाडून दिला.

"या वेळी गोंगाट नाही," नाफुलाने फोनवर सांगितलं. "पण केमुंतो, खरं सांगू का? तू मला झोपवतेस की अजून झोपले नाही म्हणून रागावतेस? 'खांदे सैल करा' म्हणालीस आणि माझे खांदे कानांना जाऊन टेकले. समोर कुणी आहे असं वाटतच नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा नमुना दे. साहेबांनी सांगितलंय, नाहीतर मोम्बासा."

केमुंतोने विचार केला. घाई झाली, कारण लोक येतील ही धास्ती. धास्ती का, तर आवाज आत येतो. म्हणजे खोलीचाच बंदोबस्त करायला हवा. भिंतींवर कापड ताणायचं, कापडामागे कापूस भरायचा, वरची फट बुजवायची. हे सगळं डोक्यात धरून ती गुरुवारी सकाळी फकीकडे गेली, अदबीने.

"पांढरं साधं कापड मिळेल का? नवं कोरं?"

फकीचा हात तराजूवर थांबला. "मिळेल. किती लांब?"

"माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. आणि कापूस लागेल. बराच." मग तिला डासांची आठवण झाली. "आणि थोडा ऊद."

फकीने रंग दाखवले नाहीत, भाव सांगितला नाही, नेहमीसारखं "आईची सकाळ कशी गेली" विचारलं नाही. कापड घडी करून, कापूस वर ठेवून, उदाची पुडी बांधून त्याने छातीवर हात ठेवला.

"देव धीर देवो. पैशांचं नंतर बघू, पोरी."

केमुंतोला भरून आलं. काय हे लोक! माझं काम अडलंय हे यांनाही कळलं, असं तिला वाटलं.

घरी आली तर बी झुवेना अंगणात चटईवर लवंगा पसरत होती. तिची नजर आधी गाठोड्यावर गेली, मग केमुंतोच्या चेहऱ्यावर. त्या चेहऱ्यावर कित्येक रात्रींची काळजी होती.

"बी झुवेना," केमुंतो म्हणाली, "आज कुणाला आत येऊ देऊ नका. मला एकटीला राहू द्या. आज काय ते शेवटचं आहे."

"शेवटचं?"

"हो. संध्याकाळपर्यंत."

बी झुवेनाच्या हातातली सुपली खाली आली. "अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? मी काय परकी होते?"

"सांगून काय होणार होतं? हे ज्याचं त्यालाच करावं लागतं." असं म्हणून केमुंतो आत गेली आणि कडी लावून घेतली.

तिने कापड ताणलं, कापूस कोंबला. वरच्या फटीपर्यंत कापूस पुरला नाही. तरी आवाज पलंगाच्या फळ्यांवरून उसळत होता. मग तिने गादीची लांबट गुंडाळी केली, पलंगावर आडवी ठेवली आणि उरलेलं पांढरं कापड वरून पसरलं. डासांसाठी ऊद लावला. कानांवर हेडफोन चढवले, गादीच्या कडेला टेकली आणि खाली वाकून, अगदी हळू आवाजात वाचायला लागली.

"डोळे मिटा. आता कसलीही घाई नाही. पाय जड होत आहेत. हात जड होत आहेत. जे धरून ठेवलं होतं ते सुटू द्या. कुणावर राग नाही. सगळं मागे राहिलं. तुम्ही घरी पोचत आहात."

भिंतीपलीकडे बी मिझेचं मुसळ थांबलं. दुसऱ्याच्या घरात डोकावणं वाईट, हे बी मिझेला चांगलं माहीत होतं. म्हणून उखळ पालथं घालून ती वर चढली आणि वरच्या फटीतून एकाच डोळ्याने पाहिलं. पलंगावर पांढऱ्या कापडाखाली लांबलचक काहीतरी. उदाचा धूर. आणि बाजूला बसलेली ती पोर, ओणवी होऊन, कानात सांगतेय, सुटू द्या.

बी मिझे उखळावरून उतरली ती रडतच.

वस्तीला सगळं एका झटक्यात उलगडलं. नैरोबीची बाई एकटी नव्हतीच. तिने आजारी नवरा आणला होता, लपवून. म्हणून कडी. म्हणून बोलणं तुटक. म्हणून पावाला "दे" म्हणाली, दुखणाइताच्या माणसाला कसली रीतभात सुचते! ज्यांनी ज्यांनी तिला उद्धट म्हटलं होतं त्यांना आता स्वतःची लाज वाटायला लागली. लाज वाटली की मिकोकोनीचे लोक स्वयंपाक करतात. लवंगांची झाडं सोडून सगळे खाली आले. कुणी तांदूळ आणले, कुणी नारळ, कुणी चटया. मोठं पातेलं तीन दगडांवर चढलं. शामेबाबा, जो वस्तीतल्या प्रत्येकाला शेवटच्या वाटेवर पोचवतो, तिरडी खांद्यावर घेऊन आला आणि ती भिंतीला टेकवून ओट्यावर बसला.

हे सगळं त्यांनी चकार शब्द न काढता केलं. दाराआड एक जीव जात होता ना.

आत केमुंतोने वाचन संपवलं, ऐकलं, आणि तिचं तिलाच कळलं की जमलेलं नाही. गोंगाट नव्हता, घाई नव्हती, तरी आवाज गादीला उद्देशून बोलल्यासारखा होता. बोललीही होती गादीलाच. घशाला कोरड पडली होती. पाणी प्यावं म्हणून तिने हेडफोन काढले, आणि थबकली. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. ना खोकला, ना मुसळ. मिकोकोनीत अशी शांतता तिने ऐकलीच नव्हती.

तिने दार उघडलं.

अंगण माणसांनी भरलेलं. बायका चटयांवर, पुरुष पलीकडे ओट्यावर, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. बी झुवेना उठली आणि तिने केमुंतोला असं कवटाळलं की तिला श्वास घेता येईना.

"गेला का गं?"

"कोण?"

"रड, पोरी. मोकळेपणी रड."

"अहो पण कोण गेलं?"

"धक्का बसलाय," बी मिझेने बाकीच्यांना समजावलं. "माझ्या नणंदेचंही असंच झालं होतं. तीन दिवस 'कोण, कोण' करत होती."

शामेबाबा जवळ आला, नजर खाली ठेवून. "बाय, दिवस मावळायच्या आत हलवलेलं बरं. फक्त उंची सांग. तिरडीवर मावेल ना?"

केमुंतोला तिरडी दिसली. पातेलं दिसलं. मग फकी दिसला, कोपऱ्यात, टोपी घालून. तो छातीवर हात ठेवूनच उभा होता. कापड, कापूस, ऊद, सगळं मयताचं सामान. ती मटकन उंबऱ्यावर बसली.

"आत कुणी नाहीये," ती म्हणाली. "आत गादी आहे."

बी मिझे पुढे झाली. हे काम आपलंच आहे असं तिला वाटलं असावं. ती आत गेली. कापड ओढल्याचा आवाज आला.

"गादी आहे," आतून आवाज आला. मग ती दारात आली, गाल अजून ओले. "गादीसाठी रडले मी? माझा सख्खा दीर गेला तेव्हा एवढी रडले नव्हते!"

ओट्यावर कुणीतरी खुदकन हसलं. शामेबाबाने तोंड फिरवलं, पण त्याची पाठ हलत होती. एका बाईने कांगा तोंडात कोंबला, दुसरीच्या नाकातून आवाज निघाला आणि मग अख्खं अंगण हसायला लागलं.

केमुंतो हसली नाही. तिचा नैरोबीचा आवाज, तो कपाटातही न मावणारा, एकदम बाहेर पडला.

"हसा! मला एक दुपार हवी होती. एक! देश सोडून आले मी त्याच्यासाठी. आज संध्याकाळी ते काम मोम्बासाच्या बाईला जाणार, आणि मी बहिणीच्या घरी दाराशी झोपायला. जन्मात एक दार मिळालं होतं मला, तर तिथे तुम्ही तिरडी घेऊन आलात!"

आणि ती रडायला लागली, खरंखुरं, नाक लाल होईपर्यंत. आता कुणी हसत नव्हतं. ज्या रडण्यासाठी वस्ती जमली होती ते अखेर सुरू झालं होतं, पण कारण दुसरं होतं.

"आम्ही काम घालवलं तुझं," बी झुवेना हळूच म्हणाली.

"पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी म्हणतात," बी मिझे पुटपुटली. "हिच्या हातात कुदळ दिसली असती तर आम्हाला कळलं असतं की काम करतेय. पण काम म्हणजे काय करतेस गं तू नक्की? गादीशी बोलतेस?"

केमुंतोने डोळे पुसत सगळं सांगितलं. अ‍ॅप, श्वास, खांदे, झोप.

"थांब," शामेबाबा म्हणाला. "नैरोबीत माणसं झोपायचे पैसे देतात?"

"हो."

"अंथरूण असताना?"

"हो, बाबा."

"त्यांना म्हणावं इकडे या, लवंगा तोडा," बी मिझे म्हणाली. "झोपेला नाही म्हणायचे पैसे द्याल."

पुन्हा हशा पिकणार होता, तेवढ्यात बी झुवेना बोलली. "मलाही येत नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माझा हमाद मस्कतला गेल्यापासून. आधी फोन यायचा. आता येतोही आणि नाहीही. आडवी पडते, डोळे मिटते, आणि फोन वाजल्यासारखा वाटतो. उठून बघते. वाजलेला नसतो."

वस्तीतल्या प्रत्येकाला सकाळी उठून हीच बाई विचारायची, झोप कशी झाली. आणि तिला विचारलं की ती रोज म्हणायची, छान. केमुंतोला आठवलं, भिंतीपलीकडचा तो खोकला रात्रभर कसा ऐकू यायचा. तिने तो फक्त गोंगाट म्हणून ऐकला होता. तिला स्वतःची शरम वाटली.

"ते नैरोबीवाल्यांना सांगतेस ना," बी झुवेना म्हणाली, "ते मला सांग बघू. काम तर गेलंच आहे."

केमुंतोने आत जाऊन लॅपटॉपसकट माईक आणला. खरं तर सवयीनेच आणला, सवयीनेच चालू केला आणि चटईवर मधोमध ठेवला. बी झुवेना चटईवर आडवी झाली, हाताची उशी करून. बाकीच्या बायका बसल्या तिथेच टेकल्या, बघू तरी काय करते म्हणून. बी मिझे चुलीपाशी भिंतीला पाठ लावून बसली, कारण भात तिच्यावर होता.

केमुंतोने कागद उघडला. मग समोरच्या थोराड, दमलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद बाजूला ठेवला.

"या," ती म्हणाली. "आडव्या व्हा. झोप कशी झाली, ते मी विचारणार नाही. आज छान म्हणायची गरज नाही."

बी झुवेनाच्या कपाळावरची एक आठी सुटली.

"ज्याची वाट बघताय तो यायचा तेव्हा येईल. वाजलं तर कुणीतरी ऐकेल. मी जागी आहे. तुम्ही थोडा वेळ ऐकायचं थांबवा."

तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. तो कुठे ठेवायचा, हे तिला आज पहिल्यांदाच कळलं होतं. समोर माणूस होतं आणि त्या माणसाला झोप लागावी असं तिला मनापासून वाटत होतं. ती हात, पाय, मान, एकेक सैल करायला सांगत गेली. बी झुवेनाचं तोंड किंचित उघडलं. श्वास लांबला. मग ती घोरायला लागली, बारीक, मांजरासारखी.

आणि ती साथ पसरली. पहाटेपासून लवंगांच्या झाडांवर चढलेली माणसं ती. त्यात रडणं झालेलं, हसणंही झालेलं. एक बाई दुसरीच्या खांद्यावर कलंडली, दुसरी तिसरीच्या मांडीवर. ओट्यावर पुरुष ओळीने आडवे झाले. फकी टोपीसकट झोपला. शामेबाबाला कुठे जागा उरली नाही, तेव्हा त्याने तिरडी आडवी केली आणि तिच्यावर पसरला. बी मिझेचं डोकं भिंतीला टेकलं आणि हातातला डाव मांडीवर निजला.

केमुंतो एकटी जागी होती. माईकचा लाल दिवा चालू होता. सगळी वस्ती तिच्या पायाशी झोपलेली, आणि तिच्या तोंडून एकामागून एक शब्द येत होते, न अडता. अशी दुपार पुन्हा येणार नाही हे तिला कळत होतं. फक्त शेवट राहिला होता.

तेवढ्यात वास आला.

भात लागत होता. झाकणाच्या कडेने पांढरी वाफ जाऊन करडी यायला लागली होती. सगळ्या वस्तीचा भात, तोही ज्यांच्यावर ती मघाशी ओरडली होती त्यांचा. उठून धावावं तर माईकला धक्का, भांड्याचा खणखणाट, आणि सगळं मुसळ केरात. न उठावं तर भाताचा कोळसा. मोम्बासाची बाई एसीत बसून हसताना तिच्या डोळ्यांपुढे आली. केमुंतोने एक लांब श्वास घेतला. तो आजही त्या ध्वनिफितीत ऐकू येतो. आणि त्याच आवाजात, त्याच सुरात ती पुढे बोलली.

"आता... ज्यांची लाकडं चुलीत आहेत... त्यांनी ती हळूच मागे ओढावीत. घाई नको. एक लाकूड. मग दुसरं. जाळ आपोआप खाली बसेल. झाकण उघडून बघू नका. आत जे आहे, ते आता आपल्याच वाफेवर होईल."

बी मिझेने डोळे उघडले नाहीत. पण जन्मभर चुलीपाशी बसलेला पाय आपणहून पुढे सरकला. अंगठ्याने एक लाकूड मागे ओढलं. मग दुसरं. पाय जागच्या जागी परत आला आणि बी मिझे घोरायला लागली.

केमुंतोने शेवट केला, दिवा विझवला, आणि आहे तसंच नाफुलाला पाठवून दिलं. कापायला, ऐकायला वेळच नव्हता. घोरणं, लाकडं, सगळं गेलं. मग ती चुलीजवळ गेली. वरचा भात मोत्यासारखा झाला होता. तळाला जाड खरपुडी धरली होती. सगळे उठल्यावर त्या खरपुडीसाठी जी भांडणं झाली ती ऐकून कुणालाही वाटलं असतं की इथे खरंच कुणीतरी मेलंय. बी झुवेना मात्र उठलीच नाही. तिच्या वाटचं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"केमुंतो," नाफुला म्हणाली. "काल ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं. मागून घोरल्याचे आवाज आहेत ते आम्ही काढून टाकू. किंवा नाही काढणार, साहेबांना ते आवडलेत. पण ते लाकडांचं! 'लाकडं मागे ओढा, जाळ आपोआप बसेल.' आमचे साहेब, ज्यांनी वर्षानुवर्षं कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, ते डोळे मिटून बसले होते. म्हणाले, मी आयुष्यभर नुसती लाकडं आत सारतोय. हे तुमच्या बेटावरचं जुनं वचन आहे का? प्रत्येक भागात असं एक तरी हवंय आम्हाला. काम तुझंच. वर्षभराचं."

केमुंतोने फोन ठेवला. अंगणात बी झुवेना लवंगांचे देठ खुडत बसली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं होतीच, पण आज तिने आल्या-गेल्याला झोपेचं विचारलं नव्हतं. ती आपली खाली बघून गुणगुणत होती. केमुंतो तिच्याजवळ चटईवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. काम मिळालं. दार राहिलं. आणि त्या मोठ्या लोकांना ते लाकडांचं बोलणं फार खोल वाटलं, हेही.

"खोल?" बी झुवेनाने हातातला देठ टाकला. "खोल कसलं त्यात? त्यांचाही भात लागत असणार."